साठे सरांचा पाट

पेटीचा एकच सूर. भाता हलतोय, एक बोट एकाच पट्टीवर दाबलेलं, आणि तो सूर हॉलच्या दारातून बाहेर येतोय. मग त्याला एक व्हायोलिन येऊन मिळालं. मग दुसरं. मग सगळी. लष्कर भागातल्या एका शाळेच्या पायऱ्यांवर मी मांडववाल्याच्या लोखंडी खुर्च्या टेंपोतून उतरवत होतो. हातातली खुर्ची तशीच धरून मी उभा राहिलो.

तेवढ्यात एक बुटके, चष्मेवाले गृहस्थ बाहेर आले.

"अहो, खुर्च्या आत येणार आहेत, की आम्ही सगळे बाहेर येऊन बसू?"

हे साठे सर. त्या रविवारपासून पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या खुर्च्या मांडल्या, टेंपोतून वाद्यं नेली-आणली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, राहणार धायरी, त्यातून बोलायला हळू. त्यामुळे मला कुणी काही विचारत नसे आणि माझ्यासमोर सगळे सगळं बोलत. किस्से असेच साठतात. टेंपो गच्च भरला, आता सुई मावणार नाही असं वाटतं, आणि तरी कुणीतरी एक पिशवी आणून देतो. तीही मावते!

माणसं थोडक्यात सांगतो. साठे सर पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. कॅम्पातल्या एका पाद्रीबाबांकडे व्हायोलिन शिकले आणि त्यांनी वीसेक माणसं जमवून हा ऑर्केस्ट्रा काढला. सगळी तारांची वाद्यं. त्याला चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "दिवाणखान्यात मावेल एवढा ऑर्केस्ट्रा." पुण्यातले दिवाणखाने पाहिले तर त्यातले निम्मे जिन्यात बसले असते!

पहिल्या व्हायोलिनला मर्सी टीचर. शाळेत संगीत शिकवायच्या. चांगल्या उंच, कमी बोलणाऱ्या. सेक्रेटरी देवसाहेब, बँकेतले. आणि पुढे कंप्युटरच्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला अमरावतीचा वैभव.

आणि पाट. सर उंचीने कमी, त्यामुळे मागच्या लोकांना त्यांची छडी दिसत नसे. बाहेरच्या ऑर्केस्ट्रांमध्ये कंडक्टरला चौथरा असतो म्हणे. आमच्याकडे सरांच्या स्वयंपाकघरातला शिसवी पाट होता, पितळी फुलं ठोकलेला. साठेकाकूंनी तो देताना म्हटलं होतं, "नाहीतरी रविवारी तुम्ही जेवायला घरी नसताच. पाट तरी कामाला लावा." पाट मी मांडायचा आणि मीच उचलायचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला सरांना चालत नसे.

* * *

आमच्या धायरीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष माझा साडू. त्याला मी एकदा बोलता बोलता सांगितलं, मी एका ऑर्केस्ट्रात काम करतो. त्याने लगेच बुकिंग केलं. सरही खूश. "संगीत पेठांबाहेर गेलंच पाहिजे!"

मंडपात पोचलो तर बाहेर फळा, ‘धमाल ऑर्केस्ट्रा, हिंदी-मराठी गाणी’. समोर अख्खं गाव. पोरं शिट्ट्या मारायला तयार. सर पाटावर चढले, छडी उचलली, आणि सुरू झालं ते दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं विलायती, सावकाश.

साडू माझा दंड धरून म्हणाला, "गानारी बाई कुठं हाय?"

"बाई नाय," मी म्हटलं. "हे असंच असतंय."

त्याने माझा दंड सोडला. मग माइकवर जाऊन म्हणाला, "गायिका सिंहगड रोडला ट्रॅफिकमधी अडकल्यात. येईपर्यंत गोंधळ करू नका."

लोक गप्प बसले. दर तुकडा संपला की साडू माइकवर. गायिका राजाराम पुलापर्यंत आल्यात. गायिका हिंगण्यापर्यंत आल्यात. गायिका वडगावला पोचल्या. अख्खा कार्यक्रम गावाने चिडीचूप ऐकला! शेवटी सर पाटावरून उतरले. डोळे पाणावले होते.

"बबनराव, धायरीच्या लोकांना कान आहेत हो. नाहीतर आमची पेठ!"

मी आणि मर्सी टीचर एकमेकांकडे बघायचं टाळत राहिलो.

* * *

साताऱ्याहून कार्यक्रम करून येत होतो. कात्रजला जकात नाक्यावर टेंपो अडवला, तशी वाजवणाऱ्यांची बसही मागे थांबली. टेंपोत डबल बास, म्हणजे आमचं सगळ्यांत मोठं तारवाद्य, त्याच्या खोक्यात होतं, माणसापेक्षा उंच.

"कपाट आहे?" नाकेवाल्याने विचारलं.

"वाद्य आहे," सर म्हणाले.

"एवढं मोठं वाद्य नसतं."

"आपण नाही पाहिलं म्हणजे ते नसतं, असं नाही."

झालं! सर असं काही बोलले की पुढचा तास गेला समजावं. नाकेवाला म्हणाला, वाद्य आहे तर वाजवून दाखवा. सर म्हणाले, ठीक. रस्त्याच्या कडेला मी खुर्च्या मांडल्या. पाटही मांडला. ट्रकवाले खाली उतरून गोळा झाले. एक मोठा तुकडा वाजवून झाल्यावर नाकेवाला म्हणाला, "छान. आता लग्नातलं काहीतरी होऊ द्या, मग जावा."

"आम्ही लग्नात वाजवत नाही."

"मग थांबा."

थांबलो. सर टेंपोत जाऊन बसले. देवसाहेब त्यांना विनवत होते, ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. शेवटी मर्सी टीचर उठल्या, आणि एकटीने व्हायोलिनवर बिदाईचं असं काही वाजवलं की नाकेवाल्याने डोळे पुसत दोरी सोडली. म्हणाला, परवाच मुलीचं लग्न झालं.

टेंपो सुरू केला. स्वारगेटला सरांनी छडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "जकात भरली असती तर स्वस्त पडलं असतं."

* * *

मग कंपन्या आल्या. आमच्याकडे नवी मुलं यायला लागली, हुशार, इंग्रजी बोलणारी, शनिवारी सुट्टी असणारी. सरांनी वैभवला व्हायोलिन दिलं आणि बाकीच्या चौघांना व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ. घरात मोठ्या भावाचं जसं असतं, कष्ट सगळे त्याचे आणि लक्ष कुणाचंच नाही, तसंच त्याचं. सरांनी त्या मुलांना दोन पावसाळे घासून तयार केलं.

आणि एका रविवारी व्हायोलाच्या चारही खुर्च्या रिकाम्या! मी चौकशी केली. सगळे अमेरिकेला. दोन हजार साल उजाडताना जगातले कंप्युटर बंद पडणार होते म्हणे, ते थांबवायला यांना नेलं होतं.

सर त्या खुर्च्यांपाशी जाऊन उभे राहिले.

"जगाचं काय ते वाचेल, देव. पण हा तुकडा व्हायोलाशिवाय कसा वाजवायचा?"

देवसाहेब म्हणाले, "सर, जाहिरात देऊ या."

"द्या. पण त्यात लिहा, उमेदवाराचा पासपोर्ट नसावा."

वैभव तेवढा राहिला, कारण त्याचा व्हिसा आला नाही. तो मला म्हणाला, "काका, सगळे जाऊन राहिले, मीच येथे बसून राहिलो." मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

* * *

पेटीचा किस्सा. आमच्याकडे सूर जुळवायची रीत वेगळी. सर स्वतः जुन्या पेटीवर एक पट्टी दाबून धरायचे आणि सगळ्यांनी त्याला तारा मिळवायच्या. एकदा मुंबईहून पियानो वाजवणाऱ्या बाई आल्या. हॉलमध्ये पियानो होता, तो आदल्या दिवशीच कारागिराकडून लावून घेतला होता. आमचे सगळे पेटीला मिळवून बसले. बाईंनी पियानोवर हात ठेवला आणि दोन्हीकडून जे निघालं, ते ऐकून शाळेचा वॉचमन आत बघायला आला.

पेटी म्हातारी होऊन उतरली होती. हे कुणालाही कळलं असतं.

सर म्हणाले, "पियानो चढलाय. कारागिराला बोलवा, खाली आणायला सांगा."

"सर," देवसाहेब म्हणाले, "पियानोला दोनशेच्या वर तारा आहेत."

"मग लवकर बोलवा."

शेवटी बाईंनीच हात जोडले, तेव्हा कुठे आमच्या लोकांनी तारा वर घेतल्या. सर तेवढा वेळ पाठ करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मर्सी टीचरनी मला गाठलं. "बबनभाऊ, सरांना न सांगता पेटी दुरुस्त करून आणाल?" मी ती बुधवार पेठेत नेली, नीट करून आणली. रविवारी सरांनी पट्टी दाबली. सगळे श्वास रोखून.

"पेटी चढल्यासारखी वाटते," सर म्हणाले.

"हवामान, सर," मर्सी टीचर म्हणाल्या.

"बरोबर. कंपन्या आल्यापासून पुण्याचं हवामान बिघडलंच आहे."

* * *

पण खरी गोष्ट आम्हाला कळली ती एका मोबाइलमुळे. तोवर एखादा श्रोता खोकला तरी सर छडी खाली ठेवून त्याच्याकडे वळून बघायचे. खोकणारा आयुष्यात परत खोकत नसे! आणि त्या दिवशी भर कार्यक्रमात, अगदी हळू वाजवायच्या जागी, वैभवचा मोबाइल वाजला. खिशातच. मोठ्याने. डिस्कोचं गाणं.

वैभव पांढराफटक. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात गज, बंद कसा करणार? पूर्ण गाणं वाजलं. थांबलं. परत वाजलं. सगळे सरांकडे बघत होते. सर डोळे मिटून, छडी हळुवार हलवत, चेहऱ्यावर समाधान.

कार्यक्रम संपल्यावर मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. सर आले आणि म्हणाले, "आज शिस्त फार चांगली होती."

मी खुर्च्यांच्या घड्या करायला लागलो. मर्सी टीचर चष्मा पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या.

* * *

त्यानंतर सरांचा ताल सुटायला लागला. कधी तुकडा संपला तरी छडी चालूच, कधी छडी थांबलेली आणि वाजवणारे अजून मध्येच. मग ऑर्केस्ट्राने आपोआप एक युक्ती काढली. सरांकडे बघायचंच नाही. मर्सी टीचरच्या उजव्या कोपराकडे बघायचं. कोपर वर गेलं की सुरू, खाली आलं की बंद. सर समोर छडी हलवतायत, आणि वीस जणांचे डोळे एका कोपरावर!

मुलं वैतागली होती. देवसाहेबांना म्हणाली, "दिवाळीपर्यंत टीचरना कंडक्टर करा, नाहीतर आम्ही दुसरा ग्रुप काढतो." ती गेली असती तर मागे उरले असते सर, टीचर, देवसाहेब आणि डबल बास. ऑर्केस्ट्रा संपला असता. सगळ्यांना कळत होतं की सरांना सांगायला हवं. सांगणार कोण? टीचर म्हणाल्या, "त्यांनी मला धरून बसवलं त्या खुर्चीवर. मी नाही सांगणार."

देवसाहेबांनी पुणेरी उपाय काढला. सत्कार!

पुण्यात माणसाला ‘आता पुरे’ म्हणायचं असेल तर शाल घालतात, हे लहान मुलालाही माहीत आहे. पहिला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. ‘सरांनी आता विश्रांती घ्यावी’ असं तीन वक्ते तीन प्रकारे बोलले. सर उठले, शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "झालं? आता तालमीला बसा. वीस मिनिटं वाया गेली."

दुसरा सत्कार त्यापेक्षा मोठा. सरांसाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, म्हणजे त्यांना तिथूनच ऐकायची सवय लागावी. सर तिच्यावर जरा वेळ बसले. उठले. "बबनराव, खुर्ची उत्तम आहे. सेलोवाल्याला द्या, त्याची पाठ दुखते."

तिसऱ्या वेळी देवसाहेबांनी पितळी पाटीच करून आणली, ‘संस्थापक व मार्गदर्शक’. सरांनी ती वाचली. म्हणाले, "मार्गदर्शकाच्या हातात काठी लागतेच," आणि छडी उचलली!

मी डोक्याला हात लावला. अहो, किती शाली घालणार? मे महिन्यात घातली असती तर माणूस उकडून तरी पळाला असता!

शेवटी देवसाहेब माझ्याकडे आले. "बबनराव, तुमच्या टेंपोत बसतात दर रविवारी. तुम्हीच सांगा." घरी सोडताना मी धीर केला. मोठ्या आवाजात म्हटलं, "सर, आता थोडी विश्रांती..."

"टेंपो गरम झाला का? मग थांबवा की. मला घाई नाही."

थांबवला. रस्त्याच्या कडेला पेरूवाला होता. मग सरांनी मला पेरू घेऊन दिला.

* * *

दिवाळीच्या आधीचा कार्यक्रम. हॉल भरलेला. सरांची सवय अशी की प्रत्येक तुकड्याआधी पाटावर उभं राहून, लोकांकडे तोंड करून, ऑर्केस्ट्राकडे पाठ करून, दोन शब्द बोलायचे.

"या रचनेचा आरंभ अतिशय हळुवार आहे," सर म्हणाले. "तेव्हा पूर्ण शांतता..."

मागे मर्सी टीचरना शिंक आली. साडीचा पदर नाकाशी न्यायला त्यांचा उजवा हात वर गेला. गजासकट. कोपर वर गेलं!

आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. अख्खा. एकदम.

टीचरही घाबरून वाजवायला लागल्या. थांबणार कसं? थांबायला कोपर खाली आणायचं, आणि वाजवताना ते खाली येतच नव्हतं. आणि सर लोकांना सांगतच होते, "पूर्ण शांतता हवी. पिशव्या वाजवू नयेत. मघाशी एका बाईंनी पिशवी वाजवली."

मी विंगेत होतो. लोकांचे चेहरे बघत होतो. आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

सरांना ते चेहरे दिसले. ते हळूहळू मागे वळले. वीस गज खाली-वर होत होते. सरांनी गज पाहिले, मुलांचे डोळे पाहिले, डोळे कुठे लागलेत ते पाहिलं. मग स्वतःही त्या कोपराकडे बघायला लागले. मग छडी उचलली आणि टीचरच्या कोपरामागोमाग चालवली. शेवटपर्यंत. एक ठोका चुकला नाही!

टाळ्या पुष्कळ झाल्या. टेंपोत सर एवढंच म्हणाले, "बबनराव, टीचरना सर्दी झालीय. काळजी घ्यायला सांगा."

* * *

पुढच्या रविवारी सर येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटत होतं. तरी देवसाहेब चौथी शाल घेऊन आले होते. मी खुर्च्या मांडल्या, पेटी टेबलावर ठेवली, पाट मांडला.

सर आले. नेहमीच्या वेळेला. हातात कापडी पिशवी.

"टीचर, जरा उभ्या राहा."

मर्सी टीचर उभ्या राहिल्या. सरांनी पिशवीतून शाल काढली. आपल्याच पहिल्या सत्काराची, इस्त्री केलेली, डांबरगोळ्यांचा वास येत होता. टीचर उंच, त्यामुळे सर पाटावर चढले आणि ती त्यांच्या खांद्यांवर घातली. मग नारळ हातात दिला.

टीचरचा चेहरा उतरला. आमच्या ऑर्केस्ट्रात शालीचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

"हे काय?" वैभव पुटपुटला. "आता टीचरले काढून राहिले का?"

देवसाहेब अर्धे उठले. "सर, मी काय म्हणतो..."

सरांचं लक्ष नव्हतं. ते पाटावरून उतरले, छडी टीचरच्या स्टँडवर आडवी ठेवली, आणि टेबलावरची पेटी फिरवून पट्ट्या टीचरच्या बाजूला केल्या.

टीचर उभ्याच. नारळ कुठे ठेवावा कळेना. शेवटी मी तो घेतला. मग त्यांनी भाता ओढला आणि एक पट्टी दाबली.

तो सूर निघाला. सरांनी पेटीच्या फळीवर तळहात टेकवून ठेवला होता. एक व्हायोलिन येऊन मिळालं. दुसरं. मग सगळी. शेवटची तार जुळेपर्यंत सरांनी हात काढला नाही.

मग ते वाकले आणि पाट उचलला.

मी धावत गेलो. "सर, द्या, मी घेतो."

दिला नाही. पाट काखेत मारला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. माझ्या खांद्यावर पिशवीचाच हात जरासा टेकवला. मग खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, दारातून, पायऱ्या उतरून, गेटकडे चालत गेले.